देवाच्या दाराशी उभा राहिलेला कायदा

आज आषाढी एकादशी. पालख्या पंढरीत विसावल्या आहेत आणि चंद्रभागेचे स्नान आटोपून दर्शनबारीत उभ्या राहिलेल्या भाविकांची रांग गोपाळपुराच्या दिशेने लांबच लांब गेली आहे. ज्यांना गाभाऱ्यापर्यंत पोहोचणे साधत नाही, ते नामदेवाच्या पायरीचे आणि कळसाचे दर्शन घेऊन समाधान मानतात. त्या पायरीजवळच चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असता ते कोसळून चोखोबांचा अंत झाला आणि नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वाराशी समाधी बांधविली, असे परंपरा सांगते. अस्थींना महाद्वाराशी जागा मिळाली. परंतु ज्या ज्ञातीत चोखोबा जन्मले तिला ते द्वार ओलांडून आत जाण्यास १९४७ साल उजाडावे लागले. मध्ये सहा शतकांहून अधिक काळ लोटला होता.

हा इतिहास वारकरी घरांतून सर्वांस ठाऊक आहे. त्याचे स्मरण आज करण्याचे कारण वेगळे आहे. गेल्या काही वर्षांत ‘आमच्या धर्माचे स्वातंत्र्य’ आणि ‘सर्वांना समान वागणूक’ या दोन मागण्या न्यायालयांत वारंवार एकमेकींसमोर उभ्या राहत आहेत. शनिशिंगणापूरचा चौथरा, शबरीमला, हाजी अलीचा दर्गा ही नावे वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचली. अनेक भाविक मनांत त्यामुळे एक शंका घर करून बसली आहे : समतेचे कायदे आमच्या देव्हाऱ्यापर्यंत तर येऊन पोहोचणार नाहीत ना? ही शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. तिचे उत्तर शोधू गेल्यास पंढरपूरपासूनच आरंभ करावा लागतो, कारण या प्रश्नावरील महाराष्ट्रातील कायद्याचा धागा तेथूनच निघतो.

साने गुरुजींचे मूळ नाव पांडुरंग. पांडुरंगाचे मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले व्हावे यासाठी त्यांनी महाराष्ट्रभर दौरा केला आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणास आरंभ केला. गांधीजींनाही हे उपोषण प्रथम मान्य नव्हते. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडवे मंडळींशी बोलणी झाली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई राज्याने हरिजनांना मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा संमत केला. गुरुजींचा मार्ग आणि सरकारचा कायदा या दोन भिन्न गोष्टी होत्या, हे ध्यानात ठेवले पाहिजे. पहिला मार्ग पुजाऱ्यांच्या आणि भाविकांच्या अंतःकरणाला हाक घालीत होता, तर दुसरा दार अडविणाऱ्यास शिक्षेची तंबी देत होता. पहिल्यावाचून दुसऱ्यास प्रतिष्ठा आली नसती आणि दुसऱ्यावाचून पहिल्याचा लाभ पंढरपुराबाहेरच्या गावोगावच्या देवळांपर्यंत पोहोचला नसता.

त्यापूर्वी नाशिकास काळारामाच्या दारात २ मार्च १९३० पासून पाच वर्षे सत्याग्रह चालला होता. डॉ. आंबेडकरांनी तो चालविला. दार उघडले नाही आणि १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्यास त्यांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. बंद दाराची किंमत कोणी मोजली, असा प्रश्न केल्यास हिंदू समाजाने मोजली, असेच उत्तर द्यावे लागते.

पुढे घटना तयार होत असताना हे सारे अनुभव घटनाकारांच्या डोळ्यांसमोर होते. अनुच्छेद २५ ने प्रत्येक व्यक्तीस आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य दिले. परंतु ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य व मूलभूत हक्कांच्या इतर तरतुदी यांच्या अधीन ठेवले. त्याच अनुच्छेदात सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था हिंदूंच्या सर्व वर्गांना व गटांना खुल्या करणारे कायदे करण्याची मुभा शासनास दिली. लगतच्या अनुच्छेद २६ ने धार्मिक संप्रदायांना आपल्या धार्मिक बाबींची व्यवस्था स्वतः पाहण्याचा हक्क दिला. शेजारी शेजारी बसविलेल्या या दोन अनुच्छेदांत पहिल्यापासूनच कलहाचे बीज होते. एकाने व्यक्तीकडे पाहिले, दुसऱ्याने संप्रदायाकडे. संप्रदाय म्हणू लागला की आमच्या देवळात कोणी यावे हीच आमची धार्मिक बाब आहे, तर काय करावयाचे?

हा प्रश्न प्रथम सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो दक्षिण कन्नड जिल्ह्यातील मुल्की येथील श्रीव्यंकटरमण मंदिराच्या निमित्ताने. मंदिर गौड सारस्वत ब्राह्मणांचे. गोमंतकाशी पूर्वापार नाते सांगणारा हा समाज. मद्रास राज्याच्या १९४७ च्या मंदिरप्रवेश कायद्याविरुद्ध विश्वस्तांनी दावा लावला. हे देऊळ आमच्या ज्ञातीने आमच्यासाठी स्थापिले असून इतरांना प्रवेश देणे आमच्या धर्माचारास सोडून आहे, असे त्यांचे म्हणणे होते. नोव्हेंबर १९५७ मध्ये न्या. वेंकटराम अय्यर यांनी दिलेला निकाल भाविकांनी अवश्य समजून घ्यावा असा आहे, कारण त्यांनी विश्वस्तांचे म्हणणे उडवून लावले नाही. देऊळ संप्रदायाचे आहे हे त्यांनी मान्य केले. देवदर्शनास कोण पात्र हा आगमशास्त्राप्रमाणे धर्माचाच विषय आहे, हेही मान्य केले. इतके मान्य करूनही संप्रदायाचा हक्क सर्व हिंदूंच्या प्रवेशाच्या तत्त्वाला अधीन आहे, असा निर्णय त्यांनी दिला. मात्र काही विशिष्ट विधींच्या वेळी केवळ संप्रदायाच्या लोकांनी उपस्थित राहावे, ही मद्रास उच्च न्यायालयाने ठेवलेली मुभा त्यांनी कायम केली. अट एवढीच की, या राखीव वेळा वगळून इतरांना उरणारा दर्शनाचा हक्क नाममात्र असता कामा नये, तो भरीव असला पाहिजे.

आमच्या मते या विषयावरील सर्वांत शहाणा निकाल तो हाच. धर्म काय सांगतो हे ठरविण्याच्या भरीस न्यायालय पडले नाही. धर्माचा आचार आहे तसा मान्य करून त्याने एवढेच विचारले की, या आचाराने दुसऱ्या हिंदूचे दर्शन पुरते बंद होते काय. घरातील वडीलधारी मंडळीही भाऊबंदांचे तंटे याच रीतीने सोडवितात. कोणाला खोटे ठरवीत बसत नाहीत, कोण उपाशी राहिला एवढेच पाहतात.

परंतु न्यायालय या वाटेवर फार काळ राहिले नाही. त्याची कथा अहमदाबादेस घडली आणि तिचा संबंध पुन्हा मुंबई राज्याच्या त्या १९४७ च्या कायद्याशीच आहे. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यात होते. मुळदास वैश्य या दलित पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली स्वामिनारायण मंदिरात प्रवेश होणार, असे दिसताच जानेवारी १९४८ मध्ये सत्संगी मंडळींनी दावा दाखल केला. त्यांचा युक्तिवाद मोठा विलक्षण होता. आमचा संप्रदाय हिंदू धर्माहून वेगळा आहे, म्हणून हिंदू मंदिरांचा कायदा आम्हांस लागू नाही, असे ते म्हणाले. अस्पृश्य मानलेल्या बांधवाला आत घेण्यापेक्षा स्वतःच हिंदू धर्माच्या बाहेर जाणे त्यांना सोयीचे वाटले! दावा अठरा वर्षे चालला. तोवर घटना आली, १९५५ चा अस्पृश्यता गुन्ह्यांचा कायदा आला आणि मुंबई राज्याने १९५६ मध्ये हिंदूंच्या सार्वजनिक उपासनास्थानांत प्रवेशाचा अधिक व्यापक कायदा केला. १९४७ चा कायदा हरिजनांपुरता होता. १९५६ च्या कायद्याने ‘सर्व वर्ग व गट’ असे शब्द वापरले. या शब्दांकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

जानेवारी १९६६ मध्ये निकाल दिला तो सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी. साताऱ्यास जन्मलेले, संस्कृत पंडितांच्या घराण्यातले हे न्यायमूर्ती. हिंदू कोणास म्हणावे याचा शोध घेताना त्यांनी लोकमान्य टिळकांनी केलेल्या व्याख्येचा आधार घेतला : वेदांविषयी प्रामाण्यबुद्धी, साधनांची अनेकता आणि उपास्याचा अनियम. ज्ञानदेव-तुकारामांचे नावही त्या निकालपत्रात येते. स्वामिनारायण संप्रदाय हिंदूच आहे, असा निर्णय झाला आणि दार उघडले. येथवर आनंद मानावा असेच सारे आहे. परंतु न्यायमूर्ती तेथे थांबले नाहीत. हा दावा अंधश्रद्धा, अज्ञान आणि धर्माच्या खऱ्या शिकवणीविषयीच्या गैरसमजातून उत्पन्न झाला आहे, स्वतः स्वामिनारायणांच्या उपदेशाचा अर्थही वादींना कळलेला नाही, अशा आशयाचा शेराही त्यांनी मारला.

शेरा खरा होता. सहजानंद स्वामींनी तळागाळातील लोकांना जवळ केले होते, हे इतिहासप्रसिद्ध आहे. पण खरा असला तरी तो मारण्याचा अधिकार न्यायासनाचा होता काय? आज हे न्यायमूर्ती बहुश्रुत आहेत, उद्या तेथे कोण बसेल? १९५४ मध्ये शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, धर्माचे अनिवार्य अंग कोणते हे त्या धर्माच्या स्वतःच्या सिद्धांतांवरून ठरवावे. १९६१ मध्ये अजमेर दर्ग्याच्या खटल्यात न्या. गजेंद्रगडकरांनीच त्यात नवी चाळणी घातली. धर्माला चिकटलेल्या अंधश्रद्धामूलक रूढी बाजूस काढून मग संरक्षण द्यावयाचे, अशी ती चाळणी. तेव्हापासून न्यायालयाच्या दारात पाय ठेवणाऱ्या प्रत्येक आचाराला ‘तू धर्माचे अनिवार्य अंग आहेस काय?’ या परीक्षेस बसावे लागते आणि परीक्षक असतात कायदेपंडित. एकादशीचा उपवास अनिवार्य की वैकल्पिक, तुळशीची माळ अनिवार्य की नाही, याचा निर्णय वकिलांच्या युक्तिवादावर लागावा, हे कोणाही भाविकाला रुचणार नाही. समतेच्या बाजूने उभे राहणाऱ्यांनीही या परीक्षेवर विसंबू नये. अनिवार्य ठरलेला आचार अन्यायी असला तर काय, हा प्रश्न तिने सुटतच नाही.

तो प्रश्न सोडविण्यास १९५६ च्या कायद्याचे ते दोन साधे शब्द अधिक उपयोगी पडले. शनिशिंगणापुरास २०१५ च्या नोव्हेंबरात एक स्त्री चौथऱ्यावर चढली आणि त्यानंतर शिळेस शुद्धीचा अभिषेक करण्यात आला. पुढे आंदोलने झाली, ती सर्वांनी पाहिली. विद्या बाळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली तेव्हा हाती होता हाच जुना कायदा. ‘सर्व वर्ग व गट’ यांत स्त्रिया येत नाहीत काय? येतात, हे शासनास मान्य करावे लागले आणि १ एप्रिल २०१६ रोजी उच्च न्यायालयाने त्या कायद्याची अंमलबजावणी करण्यास बजावले. प्रवेशास अटकाव करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे. आठवड्यानंतर गुढीपाडवा होता. त्या दिवशी, ८ एप्रिल रोजी, देवस्थानाने चौथरा स्त्री-पुरुष सर्वांना खुला केला. शनिमाहात्म्य काय सांगते, स्त्रीने शनीस तेल वाहावे की नाही, याची चर्चा कोणाही न्यायाधीशास करावी लागली नाही. ज्या शिळेसमोर पुरुष जाऊ शकतो तिच्यासमोर स्त्रीही जाऊ शकते, एवढ्यावर काम भागले. पंढरपुरात मात्र स्त्रियांनी विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवावे, ही रीत जुनीच आहे, आणि कान्होपात्रेची समाधी तर मंदिराच्या आवारातच आहे.

शबरीमलेस इतके सोपे नव्हते. केरळच्या १९६५ च्या कायद्याखालील नियमांत एक पोटनियम असा होता की, रूढीने ज्या काळात स्त्रियांना प्रवेश नाही त्या काळात त्यांस तो मिळणार नाही. म्हणजे दार उघडणाऱ्या कायद्यातच अडसर बसविला होता. त्याच्या आधारे दहा ते पन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांना प्रतिबंध होता आणि केरळ उच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो उचलून धरला होता. २८ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो पोटनियम घटनाबाह्य ठरविला. अय्यप्पाचे भक्त हा वेगळा संप्रदाय नव्हे, असेही बहुमताने म्हटले.

विरोधी मत होते पीठातील एकमेव स्त्री न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांचे. सतीसारखी घातक प्रथा असल्यास न्यायालयाने हात घालावा, एरवी श्रद्धेला तर्काच्या कसोटीवर घासू नये, असा त्यांचा अभिप्राय होता. आपल्याकडील अनेक धार्मिक घरांत त्या मताचे स्वागत झाले. ते मत आदराने वाचण्यासारखे आहे. तरी एक प्रश्न उरतोच. घातक म्हणजे काय? चितेवर चढविणे घातक, हे दिसते. चोखोबांना दाराबाहेर ठेवण्यात कोणाच्या अंगाला ओरखडाही उठत नव्हता. सहाशे वर्षे तसा ओरखडा दिसला नाही, म्हणूनच ती प्रथा टिकली. बहुमतातील न्या. धनंजय चंद्रचूड यांनी हाच रोख धरून म्हटले की, आचार अनिवार्य आहे की नाही यापेक्षा त्याने कोणास वगळले जाते आणि त्याची प्रतिष्ठा हिरावली जाते काय, हे पाहावे. मुल्कीच्या निकालाच्या जवळ जाणारी ही वाट आहे. शबरीमलेच्या प्रकरणी देवतेच्या नैष्ठिक ब्रह्मचर्याचा मुद्दा होता आणि तो अस्पृश्यतेशी सर्वस्वी समान मानता येणार नाही, असे आम्हांस वाटते. परंतु तो फरक सिद्ध करण्याचा भार फरक सांगणाऱ्यावरच राहील.

‘हे सारे हिंदूंच्याच देवळांना का?’ हा प्रश्न वाचकाच्या मनात आतापर्यंत आला असेल. त्याची टाळाटाळ करू नये. घटनेत मंदिरप्रवेशाचा उल्लेख हिंदू संस्थांपुरताच आहे, कारण अस्पृश्यतेचा शाप प्रामुख्याने आपल्या समाजाला होता आणि त्यातून सुटण्याची मागणी आपल्याच संतांनी व सुधारकांनी केली होती. तथापि इतरांच्या बाबतीत न्यायालये हातचे राखतात, ही तक्रार अगदीच निराधार नाही. दाऊदी बोहरा समाजातील बहिष्काराविरुद्ध मुंबई राज्याने १९४९ मध्ये केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द केला. बहिष्कार हा धर्मगुरूंचा धार्मिक अधिकार ठरला. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांनी तेव्हा विरोधी मत नोंदविले होते. दुसऱ्या बाजूस २६ ऑगस्ट २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हाजी अली दर्ग्याच्या मजारीपर्यंत जाण्याचा स्त्रियांचा हक्क मान्य केला आणि दर्ग्याच्या विश्वस्तांनी पुढे तो स्वीकारला. शिंगणापूर आणि हाजी अली यांचे निकाल एकाच वर्षी एकाच न्यायालयाने दिले, हे तक्रार करणाऱ्यांनी विसरू नये. बहिष्काराविषयी बोलावयाचे तर आपल्या जातपंचायतींचाही हिशेब मांडावा लागेल. संन्याशाची पोरे म्हणून आळंदीच्या चार भावंडांना वाळीत टाकणारे कोणी परके नव्हते. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला तो याच दुखण्यावर.

नोव्हेंबर २०१९ मध्ये शबरीमलेच्या फेरविचाराच्या वेळी पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी हे व्यापक प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविले आणि २०२० मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सात प्रश्न निश्चित केले. बोहरा समाजाचे जुने प्रकरणही २०२३ मध्ये त्याच वाटेने धाडण्यात आले. अनुच्छेद २५ व २६ यांचे परस्परांशी नाते काय, ‘नीतिमत्ता’ या शब्दात घटनेची नीतिमत्ता येते काय, असे हे प्रश्न आहेत. त्यांतील शेवटचा भाविकांच्या दृष्टीने सर्वांत जिव्हाळ्याचा आहे : जो स्वतः त्या धर्मसंप्रदायाचा नाही, त्याने जनहिताच्या याचिकेद्वारे त्या संप्रदायाच्या आचाराला आव्हान द्यावे काय?

वरवर पाहता ‘नको’ हेच उत्तर सुचते. शबरीमलेची मूळ याचिका वकिलांच्या एका संघटनेची होती, आणि ज्याला देवाला भेटावयाचे नाही त्याने देवाच्या दाराविषयी भांडू नये, असे कोणालाही वाटेल. परंतु अहमदाबादच्या खटल्यात मुळदास आणि त्यांचे सोबती सत्संगी नव्हते. त्यांना सत्संगात घेतले गेले नव्हते म्हणूनच ते बाहेर होते. काळारामाच्या दारी पाच वर्षे बसलेल्यांना आतले म्हणावयाचे की बाहेरचे? फक्त आतल्याने विचारावे असा दंडक घातला, तर आतला कोण हे दार लावणाराच ठरविणार, आणि ज्याच्या तोंडावर दार लागले तो तेवढ्यानेच विचारण्याचा हक्क गमावून बसणार. पंढरीच्या महाद्वाराबाहेर उभे राहणारे लोक माळकरी होते, एकादशी करणारे होते, वर्षानुवर्षे पायी वारीला येत होते. आणि १९४७ पर्यंतच्या वहिवाटीच्या हिशेबात तेच बाहेरचे होते.